बुचाचं बदक

११ जानेवारी

ठोकळ्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. कागदावर काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, ही तुझी लहानपणापासूनची खोड. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचत बसायचास. तेव्हा हे वाचशीलच. वाचलंस की उत्तर दे. लांबलचक नको, मला फक्त हो किंवा नाही हवंय.

बाबा ठणठणीत आहेत. दुकान चाललंय. मीही बरी आहे. झालं, आता मुद्द्याचं बोलते.

मार्चमध्ये आपल्याकडे टपाल तिकिटांचं मोठं प्रदर्शन भरतंय आणि बाबा त्यात त्यांचा कॅनडाच्या टपाल शिक्क्यांचा संग्रह मांडणार आहेत. हो, आपले बाबा. ज्यांना इतकी वर्षं तिकीट मंडळाचे घड्याळकाका 'मांडा, मांडा' म्हणून हातापाया पडत होते, तेच. एक दिवस जेवताना म्हणाले, "यंदा मांडू म्हणतो." मला वाटलं ताट मांडायचं म्हणताहेत.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पानांवर तिकिटं आणि पाकिटं ते लावतात, खालचा मजकूर मी लिहिते, कारण माझं अक्षर वळणदार आहे असं ते म्हणतात. (तू असतास तर तुला सांगितलं असतं का, कोण जाणे.) आता मलाही सगळं पाठ झालंय. तिकिटावर राणी आहे की राजा याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, त्यावर टपाल कचेरीने काय मारलंय ते बघायचं. मोठ्या गावांना वरच्या कचेरीकडून आलेला शिक्का असायचा, दोन कड्यांच्या मधोमध नंबर. आगगाडीच्या टपालडब्यातला वेगळा. यंत्र आल्यावर लहरता झेंडा. आणि सगळ्यात शेवटी बाबांची लाडकी पानं, बुचाच्या शिक्क्यांची. ज्या आडगावच्या कचेरीला वरून काही मिळायचं नाही, तिथला पोस्टमास्तर बाटलीचं बूच घ्यायचा, खिशातल्या चाकूने त्यावर चांदणी, फुली, पान, नाहीतर स्वतःच्या नावाचं अक्षर कोरायचा आणि शाईत बुडवून तेच तिकिटावर हाणायचा. तिकीट पुन्हा कोणी वापरू नये, एवढाच उद्देश.

आणि त्या पानांतलं शेवटचं पान म्हणजे बदक.

तुला आठवत नसेल असं मी मानत नाही. तूच दिलंस ते बाबांच्या साठीला. रद्दीच्या खोक्यात सापडलं म्हणालास. पिवळं पडलेलं पाकीट, त्यावर तीन सेंटचं लाल 'लहान राणी' तिकीट, शेजारी त्या खेड्याचा तारखेचा गोल शिक्का, आणि राणीच्या तोंडावर कड्यात बसवलेलं, पंख पसरून निघालेलं रानबदक. मजकूर लिहिताना मला खात्री करायची होती की भोवतीचं कडं अखंड आहे की तुटकं. म्हणून बाबांचं मोठं भिंग घेतलं.

कडं अखंड नाही. बदकाच्या डोक्यावर, अगदी मधोमध, केसाएवढी खाच आहे.

जगात दुसऱ्या कोणालाही तो बुचाचा उडालेला टवका वाटेल. मला नाही वाटलं, कारण तीच खाच मी रोज पाडते. आपल्या दुकानातून जाणाऱ्या एकूण एक रबरी शिक्क्याला वरच्या काठावर ती असते, कारकुनाने न बघता शिक्का उचलला तरी नखाला वरची बाजू लागावी म्हणून. दुसरा कुठलाही शिक्केवाला ती करत नाही. आणि बुचाच्या शिक्क्याला तर वरची बाजूच नसते. उलटा मारा, आडवा मारा, राणीचं तोंड काळं झालं की काम झालं.

तेव्हा सांग. बदक तू कोरलंस का?

ताई


२७ जानेवारी

ठोकळ्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, कारण परत आलेलं नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघते आणि तो मला रोज विजेचं बिल नाहीतर कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात देतो. परवा म्हणाला, "ताई, तुम्ही अशा बघता की मलाच अपराध्यासारखं होतं."

इथे प्रकरण वाढलंय.

काल घड्याळकाका आले. घड्याळाचं दुकान मुलाकडे दिल्यापासून त्यांना मंडळाशिवाय उद्योग नाही, हे तुला माहीतच आहे. आल्या आल्या बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अभिनंदन! प्रदर्शनाच्या खास शिक्क्यावर तुमचं बदक घ्यायचं ठरलंय. प्रत्येक पाकिटावर तेच बसणार. आणि शिक्का दुसरा कोण करणार? तुम्हीच करायचा." माझ्या हातातला चहा बशीत सांडला. बाबा मात्र इतके लाजले की मला त्यांच्याकडे बघवेना. मग नेहमीसारखं भिंग काढून पाकीट घड्याळकाकांपुढे धरलं आणि नेहमीचंच वाक्य म्हणाले. "काय हात असेल हो त्या पोस्टमास्तरचा!"

बाहेरून एक परीक्षक बाई यायच्या आहेत. त्यांनी कॅनडाच्या बुचाच्या शिक्क्यांवरच आयुष्य काढलंय. घड्याळकाका सांगत होते की मागे एकाचं अख्खं पान त्यांनी सगळ्यांदेखत खाली काढायला लावलं. नकली शिक्के मारलेल्या लहान राण्या बाजारात पुष्कळ फिरतात म्हणे, आणि बाईंना ते वासावरूनच कळतं. मी विचारलं, "समजा एखाद्याला माहीतच नसेल की आपल्याकडचं नकली आहे?" तर घड्याळकाका म्हणाले, "मग तर आणखी वाईट. लबाड म्हटलेलं परवडतं, आंधळा म्हटलेलं नाही परवडत." बाबा मान डोलावत होते.

तुला कल्पना नाही, लोक बाबांना काय मानतात. लांबलांबून पाकिटं पाठवतात, 'हा शिक्का खरा का ते सांगा' म्हणून. बाबा दोन-दोन दिवस बघतात आणि एका ओळीत कळवतात. एक पैसा घेत नाहीत. त्यांचं 'खरं आहे' हीच त्यांची कमाई. आई गेल्यावर माणूस उभा राहिला तो त्याच्या जोरावर.

मी काय काय केलं तेही सांगते, म्हणजे तुला हसता येईल. आधी बदकाचं पान 'हरवलं'. कपाटामागे सरकवून ठेवलं. बाबांनी सगळं घर उलटंपालटं केलं, कपाटसुद्धा एकट्याने ओढलं आणि पान मिळाल्यावर मलाच समजावलं की आपलं कपाट भिंतीला नीट टेकत नाही. मग मी म्हटलं, बाबा, बदक जरा भडक वाटतं, चांदणीवर संपवूया. ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांना विकायला काढलंय.

त्यांनी ती खाच इतक्या वर्षांत पाहिली कशी नाही, हा प्रश्न मला छळत होता. आता वाटतं, पाहिली. रोज बघतात म्हणून दिसली नाही. तुझा पंखा डोक्यावर फिरतोय हे तुला कळतं का?

आणि एक. पहिल्या पत्रात मी बाबा ठणठणीत आहेत असं लिहिलं. तसे नाहीत. दिवाळखोरासारखं सगळं लपवून काय मिळवणार, म्हणून सांगते. डिसेंबरात जिन्यावरून उतरताना घेरी येऊन पडले. हाडबीड मोडलं नाही, पण उजवा हात मधूनच थरथरतो. डॉक्टरीणबाई काही सिनेमातल्यासारखं 'यांना धक्का देऊ नका' म्हणाल्या नाहीत. मीठ कमी करा म्हणाल्या. पण म्हणून मी धक्का द्यायला मोकळी झाले असं होत नाही ना. 'यंदा मांडू म्हणतो' हे ते त्या पडण्यानंतर म्हणाले. पुढच्या वर्षाचा त्यांना भरवसा वाटत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. तूही लाव.

हो की नाही, एवढंच कळव. एका शब्दाला काय ते कष्ट?

ताई


९ फेब्रुवारी

ठोकळ्या,

मिळालं.

'हो' कळल्यावर मला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. पत्र दुकानात उभ्याउभ्याच वाचलं, समोर एक वकील आपल्या शिक्क्याची वाट बघत उभे होते. त्यांना मी सुट्टे परत द्यायचेच विसरले. ते बिचारे दोनदा खाकरले.

तर पाकीट खरं, राणी खरी, गावाचा तारखेचा शिक्काही खरा. मूळ पोस्टमास्तर तिकिटावर मारायला विसरला होता, म्हणून कोऱ्या चेहऱ्याने ती राणी रद्दीत पडलेली. आणि तू लिहितोस की तुला फक्त गंमत करायची होती. साठीच्या दिवशी सगळ्यांसमोर बाबा फसतील, मग तू सांगशील, मग सगळे हसतील, बाबा कान पिळतील आणि म्हणतील की हात बरा आहे तुझा. इतकंच तुला हवं होतं. पण बाबा हसले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, काय हात असेल त्या पोस्टमास्तरचा. आणि तुझं तोंडच उघडेना.

खाच सवयीने झाली म्हणतोस. ते मी ओळखलंच होतं. आपण दोघं झोपेत शिक्का कोरला तरी खाच होईल.

मला मात्र तुझं पत्र वाचून तू घर सोडून गेलास त्या दिवसाचं कोडं उलगडलं. त्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का तुझ्या हातून तिरका झाला होता. बाबा गिऱ्हाइकासमोर बोलायला नको ते बोलले. म्हणाले, "तुझ्या हाताला वळणच नाही. तो बघ आडगावचा पोस्टमास्तर, बुचावर बदक उडवून गेला. आणि तुला रबरावर सरळ रेघ मारता येत नाही!" आणि तू हसायला लागलास. थांबेचनास. बाबांनी कोरणी आपटली. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस!" तू बाहेर गेलास तो गेलासच.

इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या देत होते, की बाप रागावलेला असताना दात काय काढतो हा मूर्ख. आता कळलं कशाला हसत होतास. मला आत्ता लिहिताना हसू येत नाहीये.

तू सुचवलेला उपाय मी करून बघायला घेतला. "बारीक कुंचल्याने खाच भरून टाक, कोणाला कळणार नाही." खरंय, कळणार नाही. बाबा तपासणीला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. मी पान काढलं, भिंग उभं केलं, एककेसी कुंचला शाईत बुडवला. टोक कड्यापर्यंत नेलंसुद्धा. मग टोक तिथेच थांबवलं. आज मी ती भरली की बदकाखाली 'खरं' असं माझ्या वळणदार अक्षरात जे लिहिलंय, ते मी जाणूनबुजून लिहिलं असं होईल. तू निदान गंमत करत होतास. मी कुंचला धुतला आणि पान जागेवर ठेवलं.

म्हणजे मी फार शूर आहे असं समजू नको. रोज सकाळी ठरवते की आज चहाच्या वेळी सांगायचं. चहा होतो, बाबा कॅनडाची एखादी गोष्ट काढतात, आणि मी 'साखर बरोबर आहे ना?' विचारून उठते. बाबांना वाटायला लागलंय की मला साखरेची काही भीती बसलीय.

तू येऊन सांग. तू कोरलंस, तूच सांग. 'मी येऊ शकत नाही' असं लिहिलंयस, 'येणार नाही' असं लिहिलेलं नाहीस. तेवढंच मी धरून बसलेय.

शिक्क्याचं रबर काल कापून ठेवलं बाबांनी. उद्या कोरायला घेताहेत.

ताई


११ फेब्रुवारी

ठोकळ्या,

बाबांना कळलं. मी सांगितलं नाही. घडलं तसं लिहिते, पुढेमागे झालं तर सांभाळून घे.

झेरॉक्सवाल्याने बदक डबीच्या झाकणाएवढं मोठं करून दिलं होतं. त्यावर पातळ कागद ठेवून बाबांनी रेघ न् रेघ उतरवून घेतली, उलटा कागद रबरावर घासला आणि काल सकाळपासून कोरायला बसले. हात आधी थरथरत होता. एकदा कोरणी धरल्यावर थांबला. मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकं बघत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना. पंख झाले, मान झाली, चोच झाली. मधूनच स्वतःशी 'वा' म्हणायचे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, तुम्ही तुमच्या मुलाच्या मागून चाललाय.

दुपारी कडं पुरं झालं. मग शिक्का पुरा झाल्यावर ते नेहमी करतात तेच त्यांनी केलं. माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता, अंगठ्याने काठाचा मध्य चाचपला आणि खाच पाडायला कोरणी टेकवली. कोरणी आपोआप आत गेली. खाच तिथे आधीच होती. चित्रात होती तशी त्यांनीच इमानेइतबारे कोरली होती.

त्यांचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं.

बराच वेळ ते रबर बोटांत फिरवत बसले. मग उठून पान काढलं, पाकीट भिंगाखाली धरलं. मला वाटलं आता मला विचारतील, पण लगेच काही विचारलं नाही. म्हणाले, "तू केलेली नाही ही. तुझी उजवीकडे झुकते. ही सरळ आहे."

मी गल्ला ओढून बंद केला.

"तुला माहीत होतं?"

"महिना झाला."

"आणि मला शिक्का कोरू दिलास."

ते चिडले. खूप चिडले, ठोकळ्या, ते तुझ्यापासून लपवत नाही. मला वेड्यात काढलंत, म्हणाले, दोघांनी मिळून म्हाताऱ्याचं माकड केलंत. अख्ख्या मंडळाला मी हे दाखवत फिरलो. भिंग टेबलावरून ढकलून दिलं. ते फुटलं नाही, घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी उचलून दिलं तर घेतलं नाही. मी त्यांना पाणी दिलं तेही घेतलं नाही, आणि त्यांचा हात इतका हलायला लागला की मी डॉक्टरीणबाईंना फोन करायला उठले.

"बस," ते म्हणाले. मग पाकिटाकडे बघत, "साठीला मी ते पाकीट उघडलं, तेव्हा तो कुठे होता?"

"तुमच्या शेजारी उभा होता."

"मी काय म्हणालो होतो?"

त्यांना आठवत होतं. माझ्याकडून ऐकायचं होतं त्यांना. मी सांगितलं. मग मुख्याध्यापकांच्या शिक्क्याच्या दिवशी काय म्हणालात तेही सांगितलं, एकदा सुटल्यावर मलाही थांबवेना.

"म्हणून हसला तो," बाबा म्हणाले.

"हो."

"मग त्याच वेळी बोलायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे, बाबा? बाहेर जा म्हणालात."

त्यांनी दुकान बंद करायला सांगितलं. पाकीट शर्टाच्या आत घातलं आणि घड्याळकाकांकडे निघून गेले, छत्री नाही, काठी नाही. मी मागोमाग जायला निघाले तर वळून म्हणाले, "पोर नाहीये मी."

परत आले ते गप्प. आजही गप्पच आहेत. जेवतात, पण काय जेवतात ते त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही. कोरलेलं रबर टेबलावर तसंच पडलंय. मला त्यांच्या चिडण्याची भीती नव्हती रे. ह्या गप्प बसण्याची होती. रात्री दोनदा उठून मी श्वास चालू आहे ना ते बघून आले.

प्रदर्शनातून ते नाव काढून घेतील असं मला वाटतंय. आणि नाव काढलं की ते पुन्हा कधी भिंग हातात धरणार नाहीत.

तू काहीतरी कर. काय ते मला माहीत नाही.

ताई


१७ मार्च

ठोकळ्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बाबांच्या नावाचं जे होतं ते मी त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मला दाखवलं नाही, आणि मी मागितलंही नाही (मागितलं, दिलं नाही). इतके दिवस लिहिलं नाही, कारण प्रदर्शन होईपर्यंत मला काही सुचत नव्हतं. आता झालं ते सांगते.

बाबांनी नाव काढून घेतलं नाही. घड्याळकाका त्यांना म्हणाले होते, "खाच कोणाला दिसतेय? आम्हाला इतक्या वर्षांत दिसली नाही. गप्प बसा, शिक्काही होऊन जाऊ द्या." बाबा म्हणाले, "मला दिसलीय ना." बस्स. खास शिक्क्यासाठी मंडळाने चांदणी घेतली, आणि ती बाबांनी एका बैठकीत कोरून दिली. बदकाचं पान मात्र त्यांनी मांडणीत ठेवलं. खालचा मजकूर मला लिहू दिला नाही. माझा कागद काढून त्यांनी स्वतःच्या हलत्या अक्षरात लिहिलं: 'नकली. पाकीट, तिकीट आणि तारखेचा शिक्का अस्सल. बदक माझ्या दुकानात, माझ्या मुलाने कोरलेलं. मी ते खरं मानलं.'

मी म्हटलं, "बाबा, शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल." ते म्हणाले, "ते नसेल तर पान लावायचं कशाला?"

पहिल्या दिवशी मी खांबाआड उभी होते. परीक्षक बाई आल्या. मला वाटलं होतं धिप्पाड असतील, तर चिमणीएवढ्या, पायात कापडी बूट. प्रत्येक पानापुढे चालत चालत बदकापाशी थांबल्या. वाचलं. भिंग काढलं. पुन्हा वाचलं. बाबा दोन्ही हात मागे बांधून उभे, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. बाई इतकंच म्हणाल्या, "खाच नसती तर मीही फसले असते." आणि पुढे गेल्या.

हे ऐकून तू खूश होशील म्हणून बाकीचंही सांगायला हवं. बाबांना पदक मिळालं नाही. पारखीच्या रकान्यात गुण कापले. ज्यांची पाकिटं बाबांकडे बघायला आली होती, त्यातले दोघे दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. "तसं काही नाही हो, जरा घाई आहे," असं म्हणत पाकिटं परत घेऊन गेले. बाबांनी स्वतः उठून त्यांना दिली, दारापर्यंत सोडलं. मग काचेवरचा 'टपाल शिक्क्यांची पारख करून मिळेल' हा कागद नखाने खरवडून काढला. मी आत जाऊन रडले. ते मात्र रडले नाहीत, त्यांनी त्या जागेवरचा गोंद ओल्या फडक्याने पुसला.

ते बरे होतील का? मला खरंच माहीत नाही. पण गेले काही दिवस दुकान बंद केल्यावर ते मागच्या टेबलावर काहीतरी खुडबुड करत असतात. वाट्याच वाट्या, काजळी, तेल, जुन्या पाकिटांचे तुकडे. मी विचारलं तर म्हणतात, तुझं काम कर. आज मी हे लिहायला बसले तर मागून येऊन म्हणाले, "त्यालाच लिहितेयस ना? खाली थोडी जागा ठेव."

ठेवतेय. आणि काय लिहितात ते मला बघू देणार नाहीत असं दिसतंय, कारण आत्तापासूनच मला उठायला सांगताहेत.

ताई

ठोकळ्या,

ताईने जागा कमी ठेवली आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. तू परत येईपर्यंत तो राहील असं वाटतं.

त्या पोस्टमास्तरच्या हाताबद्दल मी जे जे बोललो, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

एक गोष्ट मला सुटत नाही. गावाचा शिक्का शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, तुझा आपल्या दुकानातला. तरी दोन्हीची शाई भिंगाखाली एकच दिसते, काठाला कुठे फुटलेली नाही. मी बरेच प्रकार करून पाहिले, माझी फुटते. तू कशी जमवलीस ते सविस्तर लिही. प्रमाण लिही.

उत्तर घरच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. दुकानात आलेलं टपाल ताई आधी फोडते.

बाबा